परदेशातील व्यवस्थापनाची पदवी : पैसा कोणाचा, जोखीम कोणाची?



कामगार-संघटनेत आयुष्य घालवलेल्या माणसाने परदेशी बिझिनेस स्कूलच्या पदवीवर बोलावे, याचे आपणांपैकी कित्येकांना नवल वाटले असेल. व्यवस्थापनाची पदवी ही वाटाघाटीच्या टेबलापलीकडे बसणाऱ्यांची; आम्ही नेहमी अलीकडे बसलेले. माझे स्वतःचे शिक्षण शाळेत थोडे झाले आणि युनियनच्या कचेरीत पुष्कळ झाले. कंपनीचा ताळेबंद, बोनसचा हिशेब आणि कराराचा मसुदा ही माझी क्रमिक पुस्तके. त्या पुस्तकांनी एक सवय मात्र लावली : कोणताही कागद हाती आला की आधी शेवटचे पान पाहायचे; सही कोण करणार आणि भरपाई कोणाकडून वसूल होणार, हे तिथे लिहिलेले असते.

गेल्या काही वर्षांत आमच्या कचेरीत येणारे कागद बदलले आहेत. पूर्वी सभासद चार्जशीट घेऊन यायचा. आता मुलाचे किंवा मुलीचे प्रवेशपत्र आणि बँकेचा फॉर्म घेऊन येतो. तीस वर्षे मशीनवर उभा राहिलेला माणूस विचारतो, “साहेब, पोराला इंग्लंडला एम. बी. ए.ला प्रवेश मिळालाय. चाळीस लाखांचं कर्ज आहे. घर तारण मागतात. सही करू का?” या प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ असे सरसकट उत्तर नाही. पण उत्तर शोधण्याची रीत आहे, आणि तीच आज मला मांडायची आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. पैसा कुठून आणायचा हा प्रश्न आपण व्याजाच्या दरावरून सोडवू पाहतो. वास्तविक त्यात दुसराच एक प्रश्न दडलेला असतो : शिक्षण पुरे झाले आणि अपेक्षित नोकरी मिळाली नाही, तर तो तोटा कोणाच्या डोक्यावर पडायचा? पैशाचा प्रत्येक मार्ग या प्रश्नाचे वेगळे उत्तर देतो. ते उत्तर समजून मगच मार्ग निवडावा.

खर्चाचा आकडा आधी पुरा मांडा

सोंगे सगळी आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही. म्हणून प्रथम खर्च किती, ते पाहू.

एम. बी. ए. ही पदवी हार्वर्ड विद्यापीठाने १९०८ साली सुरू केली. तिथला अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे आणि २०२४-२५ साली एका वर्षाची नुसती शिकवणी-फी ७६,४१० डॉलर होती. राहणे, जेवण, विमा हे त्यावर वेगळे. फ्रान्समधील फाँतेनब्लो येथे १९५७ साली स्थापन झालेली इन्सीड ही संस्था हीच पदवी दहा महिन्यांत देते; फी एक लाख युरोच्या आसपास जाते. फी मोठी दिसली, तरी तिथे पगार बुडतो तो एका वर्षाचा. हार्वर्डला जाणाऱ्याचा दोन वर्षांचा बुडतो. बुडालेला पगार हाही खर्चच आहे. तो फीच्या पत्रकात छापलेला नसतो, म्हणून पुष्कळांच्या हिशेबातून निसटतो.

जर्मनीचा प्रकार निराळा. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत नेहमीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला शिकवणी-फी नाही. याला अपवाद आहेत : बाडेन-व्युर्टेम्बर्ग हे राज्य युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्याकडून २०१७ पासून सहामाहीला १,५०० युरो घेते, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४ पासून अशा विद्यार्थ्यांना फी लावली आहे. शिवाय नोकरीचा अनुभव असलेल्यांसाठीच्या एम. बी. ए.ला सरकारी विद्यापीठेही फी घेतात. व्यवस्थापनशास्त्रातली एम. एस्सी. मात्र बहुतेक ठिकाणी विनामूल्य करता येते. निर्वाहासाठी वर्षाचे ११,९०४ युरो अडकवून ठेवलेल्या खात्यात आधी दाखवावे लागतात. ते दरमहा ९९२ याप्रमाणे विद्यार्थ्यालाच परत मिळत जातात. ‘एम. बी. ए.’ या तीन अक्षरांचा हट्ट सोडला, तर कर्जाचा डोंगर टेकडीएवढा होऊ शकतो, हे यावरून दिसेल.

आता रुपयाचा भाव. फी डॉलरमध्ये आणि आपली मिळकत रुपयांत. ८०,००० डॉलरची रक्कम ८३ रुपयांच्या भावाने ६६ लाख ४० हजार होते; ९० च्या भावाने ७२ लाख. हा फरक कल्पनेतला नाही : जानेवारी २०२४ मध्ये डॉलर ८३ रुपयांच्या आसपास होता आणि डिसेंबर २०२५ मध्ये त्याने नव्वदी ओलांडली. पहिल्या वर्षी पुरेसे वाटलेले कर्ज दुसऱ्या वर्षाच्या फीला अपुरे पडते, ते यामुळे. तेव्हा हिशेबात दहाएक टक्क्यांची वाढ आधीच धरून ठेवावी.

एकाच विद्यार्थ्याने वापरलेले चार मार्ग

पैशाचे मार्ग मुळात चारच आहेत : देणगीचा पैसा, बांधिलकीचा पैसा, शिलकीचा पैसा आणि कर्जाचा पैसा. हे चारही मार्ग आपल्याला एकाच थोर विद्यार्थ्याच्या चरित्रात दिसतात.

१९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, ते बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. आणि परतल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करण्याचा करार. हा बांधिलकीचा पैसा. १९१५ साली ते एम. ए. झाले आणि १९१६ साली लंडनला गेले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परत यावे लागले. मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात १९१८ ते १९२० अशी प्राध्यापकी करून त्यांनी पगारातून शिल्लक टाकली. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत दिली, मित्र नवल भथेना यांच्याकडून पाच हजार रुपये कर्जाऊ घेतले, आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ साली त्यांना डी. एस्सी. मिळाली.

यातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली अशी, की कोणत्याही पैशाला मुदत आणि अट असते. अभ्यासाची मुदत आणि पैशाची मुदत जुळली नाही, तर बुद्धिमान माणसालाही अर्ध्यावरून परतावे लागते. दुसरी अशी, की एकाच मार्गावर सारा भार टाकण्यापेक्षा दोनतीन मार्ग जोडून वाट काढता येते, आणि मधे दोन वर्षे नोकरी करून शिल्लक टाकण्यात काही कमीपणा नाही.

देणगीचा पैसा

परत करावा लागत नाही तो पैसा सर्वांत आधी शोधावा. इथे जोखीम देणाऱ्यावर असते. विद्यार्थ्याचे घर सुरक्षित राहते.

महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे, जागा ७५. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींबरोबरच विमुक्त व भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांनाही खुली आहे. वयाची अट ३५ च्या आतली आणि कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा आठ लाखांची. भूमिहीन शेतमजुराच्या मुलीला या योजनेत हक्काने अर्ज करता येतो, ही गोष्ट खेड्यापाड्यांत फार थोड्यांना ठाऊक असते. माझी विनंती आहे, की आपण इथून घरी जाताना निदान एवढी एक बातमी तरी बरोबर न्यावी.

ब्रिटिश सरकारची चीव्हनिंग शिष्यवृत्ती एका वर्षाच्या पदव्युत्तर शिक्षणाला मिळते. तिला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिक्षणानंतर दोन वर्षे मायदेशी परतावे लागते. इंग्लंडात नोकरी करून कर्ज फेडण्याचा बेत असणाऱ्याला ती जुळणार नाही; इथेच काम करायचे असेल त्याला उत्तम.

खुद्द बिझिनेस स्कूलही फीमध्ये सूट देते. हार्वर्डच्या बिझिनेस स्कूलमध्ये ही मदत गुणांवर ठरत नाही, विद्यार्थ्याची गरज पाहून ठरते, आणि सुमारे निम्म्या विद्यार्थ्यांना ती मिळते. अन्यत्र गुणांवर मिळते. कोठे कोणती रीत आहे ते नीट वाचून अर्ज करावा. आपली गरज कागदोपत्री मांडण्याची मध्यमवर्गाला लाज वाटते. कामगाराने ती बाळगू नये. आम्ही मागणीपत्र लिहितो तेव्हा आकडे देतो, रडगाणे गात नाही. तसाच अर्ज लिहावा. दोन संस्थांत प्रवेश मिळाला असेल, तर एकीने दिलेली सूट दुसरीला कळवून वाढ मागण्यातही गैर काही नाही.

एक सावधगिरी. योजना बदलतात आणि बंदही होतात. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणकर्जावरील व्याज भरणारी ‘पढो परदेश’ ही केंद्राची योजना २०२२ साली बंद झाली. शेजारच्याच्या मुलाला चार वर्षांपूर्वी मिळाले, म्हणून आपल्यालाही मिळेल, असे धरून चालू नये. त्या त्या वर्षाची जाहिरात पाहूनच हिशेब करावा.

दान आणि कर्ज यांच्या मधोमध एक जुनी सोय आहे, ती म्हणजे कर्जाऊ शिष्यवृत्ती. जमशेटजी टाटांनी १८९२ साली यासाठी निधी काढला. त्याच्या पहिल्या मानकऱ्यांत डॉ. कृष्णाबाई केळवकर होत्या, पुढे के. आर. नारायणन आणि जयंत नारळीकर हेही याच निधीतून परदेशी शिकले. घेतलेली रक्कम विद्यार्थी परत करतो आणि ती पुढच्या विद्यार्थ्याला मिळते. आमच्या पगारदार पतसंस्थेचे तत्त्वही हेच. अशी रक्कम साऱ्या खर्चाला पुरत नाही. पण बँकेच्या कर्जातले जेवढे लाख ती कमी करील, तेवढ्या लाखांचे व्याज टळते.

बांधिलकीचा पैसा

काही मालक आपल्या नोकराला परदेशी पाठवतात आणि परतल्यावर ठरावीक वर्षे नोकरी करण्याचा बाँड लिहून घेतात. यात नोकरीची जोखीम मालकाने उचललेली असते. विद्यार्थी त्याबद्दल आपले स्वातंत्र्य काही वर्षे गहाण ठेवतो. हा सौदा वाईटच असतो असे मी म्हणणार नाही. कर्जबाजारी स्वातंत्र्यापेक्षा पगारी बांधिलकी कित्येकदा परवडते. पण बाँड हा शोभेचा कागद आहे, न्यायालयात टिकत नाही, असे जे सर्रास बोलले जाते ते खरे नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या खटल्यात, तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली.

तेव्हा सही करण्यापूर्वी चार गोष्टी लिहून घ्याव्यात. नोकरीची वर्षे किती आणि ती केव्हापासून मोजायची? मधे सोडल्यास भरपाईची रक्कम दरवर्षी कमी होत जाते की अखेरपर्यंत पुरीच राहते? मालकानेच कामावरून कमी केले, किंवा कंपनी बंद पडली, तर बाँड संपतो की नाही? आणि परतल्यावरचा हुद्दा व पगार करारात आहे, की साहेबांच्या तोंडी आश्वासनात? तोंडी आश्वासन देणारा साहेब बदलून जातो. कागद तिथेच राहतो. हे मी पस्तीस वर्षांच्या वाटाघाटींच्या अनुभवाने सांगतो.

कर्जाचा पैसा

आता मुख्य विषय. आपल्यातल्या बहुतेकांची वाट इथूनच जाते.

आपल्या बँकांच्या संघाने शिक्षणकर्जाचा एक नमुना ठरवून दिला आहे. त्यानुसार चार लाखांपर्यंत तारण लागत नाही आणि साडेसात लाखांच्या वर मालमत्तेचे तारण लागते. परदेशी शिक्षणाच्या खर्चातला १५ टक्के वाटा घरून घालावा लागतो. हप्ते शिक्षण संपल्यावर एका वर्षाने सुरू होतात आणि फेड पंधरा वर्षांपर्यंत करता येते. निवडक नामांकित संस्थांत प्रवेश मिळाला, तर काही बँका तारण न घेताही मोठी रक्कम देतात. म्हणून ‘घर द्यावेच लागेल’ असे एका बँकेने सांगितले, तर दुसऱ्या दोन बँकांत चौकशी केल्याखेरीज मान डोलावू नये.

हप्ते उशिरा सुरू होतात, यावरून त्या काळात व्याजही थांबते असा समज असतो. तो चुकीचा आहे. उदाहरण घेऊ. चाळीस लाखांचे कर्ज, व्याज ११ टक्के, अभ्यासक्रम दोन वर्षांचा. पहिल्या वर्षाच्या आरंभी वीस लाख उचलले, दुसऱ्या वर्षाच्या आरंभी वीस लाख. हप्ते सुरू होईपर्यंत पहिल्या वीस लाखांना तीन वर्षे होतात, दुसऱ्या वीस लाखांना दोन. सरळ व्याजाने पहिल्याचे ६ लाख ६० हजार आणि दुसऱ्याचे ४ लाख ४० हजार, मिळून ११ लाख होतात. ते मुद्दलात मिळवले, की फेड सुरू होण्याच्या दिवशी कर्ज ५१ लाखांचे झालेले असते. दहा वर्षांत फेडायचे, तर दरमहा हप्ता सुमारे ७०,२५० रुपये. एकूण भरणा सुमारे ८४ लाख ३० हजार. चाळीस लाख घेतले आणि चौऱ्याऐंशी लाख दिले.

हेच अकरा लाखांचे व्याज शिक्षण चालू असतानाच दरमहा भरत गेलो तर? पहिल्या वर्षी महिना सुमारे १८,३०० रुपये आणि पुढची दोन वर्षे सुमारे ३६,७०० रुपये भरावे लागतील. मग हप्ता ५५,१०० वर येतो आणि एकूण भरणा ७७ लाख १२ हजार होतो. सात लाखांहून अधिक वाचतात. सगळे व्याज भरणे झेपत नसेल, तर निम्मे भरावे. जेवढे भराल तेवढ्यावर पुढे चक्रवाढ होत नाही. शिवाय तरत्या व्याजदराचे कर्ज मुदतीआधी फेडले, तर त्याबद्दल बँकेला दंड घेता येत नाही. मुलाला बोनस मिळाला की आधी कर्जात भरावा.

सरकारच्या सवलती दोन. जुन्या करपद्धतीत राहणाऱ्याला, बँकेच्या शिक्षणकर्जावर भरलेले व्याज आठ वर्षांपर्यंत उत्पन्नातून वजा मिळते. ही सवलत मुद्दलावर नाही, आणि मित्र किंवा नातेवाईक यांच्याकडून घेतलेल्या उसनवारीवरही नाही. दुसरे असे, की स्वतःच्या शिलकीतून वर्षाला दहा लाखांहून अधिक रक्कम बाहेर पाठवली, तर बँक त्यावर आगाऊ कर कापून घेते. तो कर विवरणपत्र भरल्यावर वळता होतो, पण पैसा काही महिने अडकतो. बँकेच्या शिक्षणकर्जातून गेलेल्या रकमेवर १ एप्रिल २०२५ पासून हा कर लागत नाही.

परदेशी कंपन्या जामीनदार आणि तारण न घेता, विद्यार्थ्याच्या भावी कमाईकडे पाहून डॉलरमध्ये कर्ज देतात. व्याज बहुधा अधिक असते. पण जोखीम विद्यार्थ्यापुरती राहते, आईबापांचे घर तीत सापडत नाही, हा तिचा गुण. तिचा दोष कळण्यासाठी एक जुनी तारीख आठवावी. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले आणि ४.७६ रुपयांचा डॉलर ७.५० रुपयांचा झाला. ज्याचे देणे डॉलरमध्ये आणि मिळकत रुपयांत, त्याचे कर्ज एका रात्रीत दीडपटीहून अधिक झाले. नियम सोपा आहे : ज्या चलनात कमावणार, त्या चलनात कर्ज असावे. परत यायचे असेल, तर डॉलरचे कर्ज जड; तिकडे राहून कमवायचे असेल, तर रुपयाचे कर्ज हलके होत जाते.

जामीनदाराची सही

‘जामीनदाराची सही म्हणजे नुसता उपचार’ असे बँकेतला माणूस हसून सांगतो. १८७२ च्या करार कायद्याच्या १२८ व्या कलमाप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी ऋणकोइतकीच असते. बँकेने आधी मुलाकडे वसुली करावी आणि मग बापाकडे यावे, असे तिच्यावर बंधन नाही. नव्वद दिवस हप्ता थकला, की कर्ज अनुत्पादक ठरते. घर तारण असेल, तर २००२ च्या कायद्यानुसार साठ दिवसांची नोटीस देऊन, दिवाणी दावा न लावता, बँक घराचा ताबा घेण्याच्या मार्गाला लागू शकते. मी हे भीती घालण्यासाठी सांगत नाही. बँक आपला धंदा करते. तिने कागदावर लिहिलेले असते. आपण वाचत नाही.

याच ठिकाणी मला एक गोष्ट निक्षून सांगावीशी वाटते. निवृत्तीचा पैसा, म्हणजे प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटी, मुलाच्या परदेशी पदवीत घालू नये. फंडातून उच्च शिक्षणासाठी रक्कम काढता येते हे खरे. पण काढता येते म्हणून काढावीच असे नाही. पंचविशीतल्या मुलाला कर्ज फेडायला पस्तीस वर्षे आहेत. साठीच्या बापाला फंड पुन्हा साठवायला एकही नाही. शिक्षणासाठी कर्ज मिळते. म्हातारपणासाठी तसे कर्ज सहजासहजी मिळत नाही.

आणखी एक अप्रिय गोष्ट. मुलासाठी घर गहाण टाकणारी कुटुंबे मुलीच्या वेळी ‘तिला इथेच काहीतरी करू दे’ म्हणतात. घरावर एकदा बोजा चढला, की धाकट्या बहिणीची पाळी येते तेव्हा तारण द्यायला काही उरत नाही. जोखीम बापाने उचलली असे दिसते. प्रत्यक्षात ती त्या मुलीच्या वाट्याला गेलेली असते. म्हणून हा निर्णय घेताना घरातल्या सगळ्या मुलांना समोर बसवावे, आणि आईला तर आधी.

परतलो तर काय?

कर्ज देणारे आणि प्रवेश मिळवून देणारे सल्लागार, दोघेही तिकडच्या पगाराचा आकडा दाखवतात. पुष्कळ सल्लागारांना विद्यापीठाकडून दलाली मिळते, हेही ध्यानी असू द्यावे. आपण हिशेब मात्र इकडच्या पगारावर करावा. कारण तिकडे राहू देणे हे त्या देशाच्या हाती आहे, आणि ते देश नियम बदलत असतात. अमेरिकेत पदवीनंतर साधारणपणे एक वर्ष कामाची परवानगी मिळते. पुढच्या एच-वन-बी परवान्यांना वर्षाला ८५,००० ची मर्यादा आहे आणि अर्ज त्याहून पुष्कळ अधिक येतात. सप्टेंबर २०२५ मध्ये तर देशाबाहेरच्या उमेदवारासाठी केलेल्या नव्या अर्जावर एक लाख डॉलर भरण्याचा हुकूम निघाला. तो तिथेच शिकून राहिलेल्या सर्वांना लागत नाही; पण नियम एका दिवसात कसा पालटतो, हे त्यावरून कळते. ब्रिटनमध्ये पदवीनंतरची दोन वर्षांची मुभा १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांसाठी अठरा महिन्यांवर आणण्याचे ठरले आहे.

शिकता शिकता काम करून फी भरू, ही आशाही धरू नये. अमेरिकेत विद्यार्थ्याला सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला वीस तास काम करता येते, ब्रिटनमध्येही वीसच, आणि ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला ४८. त्यातून जेवणाखाण्याचा भार हलका होतो. बिझिनेस स्कूलची फी निघत नाही.

म्हणून माझी कसोटी अशी : मूल उद्या परत आले आणि पुण्यात किंवा मुंबईत नोकरीला लागले, तर हातात पडणाऱ्या पगाराच्या एक-तृतीयांशात हप्ता बसतो का? वरच्या उदाहरणातला ७०,२५० रुपयांचा हप्ता बसायला महिना २ लाख १० हजार हातात पडले पाहिजेत. तेवढा पगार इथे मिळण्याजोगा असेल, तर खुशाल जावे. नसेल, तर कर्ज लहान करण्याच्या वाटा आपण पाहिल्याच : सूट मागणे, दुसरा देश, दुसरी पदवी, दोन वर्षे नोकरी करून शिल्लक, किंवा मालकाची बांधिलकी. या साऱ्या वाटा चोखाळून झाल्यावरही घराच्या तारणाखेरीज भागत नसेल, तर ते वर्ष थांबावे. प्रवेश पुन्हा मिळतो.

आणि क्रम असा लावावा. आधी देणगीचा पैसा; मग कर्जाऊ शिष्यवृत्ती आणि मालकाचा पैसा; मग विद्यार्थ्याची स्वतःची शिल्लक; मग त्याच्या एकट्याच्या भवितव्यावरचे कर्ज; त्यानंतर आईबापांच्या जामीनकीचे; आणि सर्वांत शेवटी, अगदी नाइलाज असेल तर, घराच्या तारणाचे. निवृत्तीचा फंड या यादीत नाही.

कामगाराच्या मुलांनी मोठी स्वप्ने पाहू नयेत, असा अर्थ कोणी यातून काढला तर तो माझ्यावर अन्याय होईल. टेबलाच्या पलीकडे आपली मुले बसलेली पाहायला मला आवडेल. यंत्राचा आवाज ज्याच्या घरात झोपेतही ऐकू येतो, असा व्यवस्थापक आम्हांला हवाच आहे. पण पहिला हप्ता चुकेल या भीतीने कोणतेही काम पत्करणारा, मान खाली घालून बसणारा व्यवस्थापक कोणाच्याच उपयोगाचा नाही, स्वतःच्याही नाही. मुलाने ताठ मानेने परत यावे आणि तेव्हा बापाचे घर बापाच्याच नावावर असावे, एवढ्यासाठी हा सगळा हिशेब.